सेकंड हँड बीएमडब्ल्यू : जुनेर की सौदा?

आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने नऊ वर्षे जुनी बीएमडब्ल्यू ३२८आय घेतली आणि कार्यकर्त्यांत दोन तट पडले. पोरगा पुण्यात नोकरी करतो. वडील नगरपालिकेत सफाई कामगार होते. २४५ अश्वशक्तीची, सहा सेकंदांच्या आसपास शंभरचा वेग गाठणारी ही गाडी नवी असताना ज्या किमतीला गेली, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात त्याला मिळाली. ज्येष्ठ मंडळी म्हणाली, हा चंगळवाद आहे. अभ्यासिकेची वर्गणी द्यायला यांच्याकडे पैसे नसतात आणि बीएमडब्ल्यू घ्यायला असतात. दुसऱ्या बाजूने त्याहून झोंबणारा मुद्दा आला. कुणा बिल्डरने पाच-सहा वर्षे मिरवून टाकलेली गाडी आपण घ्यायची, म्हणजे जुनेर अंगावर घेण्यासारखेच नाही का? हेच तर बाबासाहेबांनी आपल्याला सोडायला सांगितले होते.

तिसरा एक आवाजही होता, सोसायटीच्या पार्किंगमधला : "यांच्याकडे कुठून आली?" त्याला उत्तर देण्यात आम्ही वेळ घालवणार नाही. विक्रीचा करार त्या पोराच्या कपाटात आहे, आणि तो कुणाला दाखवायला तो बांधील नाही.

पहिल्या दोन आक्षेपांना मात्र उत्तर दिले पाहिजे, कारण ते आपल्याच माणसांचे आहेत. आणि हा प्रश्न एका पोराचा राहिलेला नाही. शिकलेली, नोकरीला लागलेली आपली दुसरी-तिसरी पिढी आज जुन्या ३ सिरीज, ऑडी ए४, सी क्लास, ऑक्टाव्हिया बघते आहे. दहा-पंधरा लाखांत नवी साधी गाडी घ्यायची की एकेकाळची पन्नास लाखांची वेगवान सेडान, हा हिशेब प्रत्येक जण करतो आहे. तो हिशेब नीट मांडावा, एवढ्यासाठी हा लेख.

जुनेराचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो सर्वांत जड आहे. मनुस्मृतीने शूद्रांना उष्टे अन्न आणि जुनी वस्त्रे, चांडाळांना प्रेतावरची वस्त्रे आणि फुटकी भांडी नेमून दिली. गावगाड्याने तेच शतकानुशतके चालवले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला ते पुस्तक जाळले गेले. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की, जातीची खूण पटवणारे लुगड्याचे वळण आणि दागिने टाका. पण त्याच वेळी त्यांनी हेही सांगितले होते की कपड्याला ठिगळे असली तरी चालतील, तो स्वच्छ असला पाहिजे. म्हणजे जुनेपणावर त्यांचा राग नव्हता. जुनेर हा शब्द आपल्याला का डाचतो? कापड झिजलेले असते म्हणून नव्हे. ते मागता येत नाही, नाकारता येत नाही, त्याची किंमत ठरवता येत नाही, आणि ते घेतल्यावर देणाऱ्याच्या दारात वर्षभर राबावे लागते, म्हणून. महार वतनाचे हेच होते. हातात काय पडणार याचा भरवसा नाही आणि कामाला अंत नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाचे विधेयक आणले ते ही गाठ तोडण्यासाठी.

आता जुनी गाडी घेताना काय होते ते पाहा. विकणाऱ्याला फॉर्म २९ आणि ३० वर सही करावी लागते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची फॉर्म ३५ वरची सुटका आणून द्यावी लागते. दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची ना-हरकत लागते. भाव पटला नाही तर तुम्ही उठून जाता आणि तो तुमच्या मागे फोन करतो. सौदा झाला की नाते संपले. ज्या समाजाला हजार वर्षे कराराचा अधिकारच नव्हता, त्याच्या पोराने बिल्डरसमोर बसून "टायर गेलेत, ऐंशी हजार कमी करा" म्हणणे, याला आम्ही जुनेर म्हणू शकत नाही.

पण थांबा. करार आहे एवढ्याने तो बरोबरीचा होत नाही. तुम्ही न तपासता घेतली, दिखाव्याला भुलून घेतली, तर पहिल्याने चांगली वर्षे वापरली आणि फुटण्याची वर्षे तुमच्या गळ्यात घातली, एवढाच त्या सौद्याचा अर्थ उरतो. तेव्हा ती गाडी खरोखरच जुनेर होते, आणि वर त्यासाठी तुम्ही हप्ते भरत असता.

म्हणून घसारा म्हणजे काय ते समजून घ्यावे लागेल. घसारा हा हिशेबनिसाचा शब्द आहे. वस्तू वापरात झिजते तशी तिची किंमत दर वर्षी वहीत कमी दाखवायची. विमा कंपन्यांचा तक्ता यात अगदी सरळ आहे. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षाला १५, दोन वर्षांना २०, तीन वर्षांना ३०, चारला ४० आणि पाच वर्षांना ५० टक्के. बाजार हा तक्ता पाळत नाही. महागड्या जर्मन सेडान त्याच्या पुढे पळतात, आणि पाच-सहा वर्षांनी निम्म्यापेक्षा बऱ्याच खाली आलेल्या असतात.

ही घसरण कोण सोसतो? सगळ्यांना वाटते पहिला मालक. आम्ही म्हणतो, वही उघडून बघा. या गाड्या नव्या घेणाऱ्यांत मोठा वाटा धंदेवाल्यांचा असतो आणि गाडी कंपनीच्या नावावर असते. आयकराच्या नियमात अशा गाडीवर दर वर्षी, उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा उत्पन्नातून वजा मिळतो. गाडी ६० लाखांची धरा. पहिल्या वर्षी ९ लाख वजा, उरले ५१. दुसऱ्या वर्षी ७ लाख ६५ हजार. असे करत पाच वर्षांत सुमारे ३३ लाख ३८ हजार रुपये उत्पन्नातून वजा होतात. कंपनीचा कर २५ टक्के धरला तर सव्वाआठ लाखांहून जास्त कर वाचला. कर्जावरचे व्याज, विमा, पेट्रोल, दुरुस्ती, ड्रायव्हरचा पगार, हेही खर्चात. म्हणजे त्याच्या घसरणीचा एक मोठा तुकडा सरकारी तिजोरीने उचलला. त्या तिजोरीत तुमच्या-आमच्या माचिसच्या पेटीवरचाही कर असतो.

आता तीच गाडी घेणारा आपला नोकरदार पोरगा. त्याचा कर पगारातच कापला जातो. उरलेल्या पैशातून तो गाडी घेतो. त्याला घसाऱ्याची वजावट नाही, व्याजाची नाही, पेट्रोलची नाही. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नव्यापेक्षा काही टक्क्यांनी चढा, आणि मुदतही कमी. वस्तू एकच, रस्ता एकच, पण एकाचा रुपया कराच्या आधीचा आणि दुसऱ्याचा कराच्या नंतरचा.

बाबासाहेबांचा १९२३ सालचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आपल्याकडे नाव घेण्यापुरता वापरला जातो, वाचला जात नाही. त्या ग्रंथात घसरणाऱ्या रुपयाचा फायदा निर्यातदारांना होतो असे म्हणणाऱ्यांना त्यांनी दाखवून दिले होते की हा फायदा आकाशातून पडत नाही. भाव चढतात आणि मजुरी मागे राहते, त्यातून तो निघतो. मोल कमी झाले की ते कुणाच्या तरी खिशातून जाते, तो खिसा कुणाचा हे शोधायचे. गाडीच्या बाबतीत हाच प्रश्न विचारला तर पुढचे सगळे सोपे होते.

पहिल्या मालकाचे जे नुकसान झाले त्याचा फायदा तुम्हाला मिळू शकतो, हे खरे आहे. पण किंमत पडते म्हणून खर्च पडत नाही. बारा लाखांना घेतलेल्या गाडीचा सुटा भाग आजही पन्नास लाखांच्या गाडीचाच असतो. ब्रेकच्या डिस्क, सस्पेन्शनचे आर्म, कूलंटचा पंप, यांना तुमची खरेदीची पावती दिसत नाही. हवा गेली तरी धावणारे रनफ्लॅट टायर चारही बदलायचे म्हटले तर लाखाच्या आसपास मोजावे लागतात. पेट्रोलची वेगवान सेडान शहराच्या गर्दीत लिटरला आठ-नऊ किलोमीटर देते. महिन्याला हजार किलोमीटर फिरलात तर शंभरावरच्या भावाने बारा-तेरा हजारांचे पेट्रोल झाले, आणि अजून काही बिघडलेले नाही. विम्याचेही असेच. अपघातात बंपर फुटला तर प्लॅस्टिक, रबर, नायलॉनच्या भागांवर निम्मा घसारा कापून पैसे मिळतात. घसारा कापायचा नाही अशी जोडपॉलिसी जुन्या गाडीला बहुतेक कंपन्या देत नाहीत. तेव्हा विकताना घसारा पहिल्या मालकाच्या वहीत कामाला येतो आणि दावा करताना तुमच्या विरोधात.

आता इंजिनाकडे या. ३२८आय मध्ये जे दोन लिटरचे एन२० इंजिन येते, त्याच्या टायमिंग चेनचे प्लॅस्टिकचे मार्गदर्शक पट्टे २०१५ च्या सुरुवातीपर्यंतच्या गाड्यांत ठिसूळ होऊन तुटतात. अमेरिकेत यावर ग्राहकांनी खटले भरले. पट्टा तुटला की चेन सैल, चेन सुटली की इंजिन गेले. डिझेलच्या ३२०डी मध्ये जे जुने एन४७ इंजिन होते, त्याची चेन तर इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. तिथे हात पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, नाहीतर इंजिन. फोक्सवॅगन-स्कोडाच्या सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीचे मेकॅट्रॉनिक युनिट ही आणखी एक प्रसिद्ध दुखरी जागा. हे सगळे बाजाराला माहीत आहे. म्हणून तर भाव पडतो. दलाल जेव्हा म्हणतो "एकदम मक्खन गाडी आहे भाऊ, डॉक्टरची होती", तेव्हा डॉक्टर कोण होते ते विचारू नका. सर्व्हिसच्या नोंदी मागा. थंड इंजिन स्वतः सुरू करून पहिल्या दहा सेकंदांत खळखळ येते का ते ऐका. संगणकाची जोडणी करून मिटलेले दोषही वाचून घ्या. गाडीच्या किमतीच्या निदान पाचव्या हिश्श्याएवढी रोकड खरेदीनंतर हातात राहत नसेल, तर ती गाडी तुम्हाला परवडलेली नाही, मग हप्ता कितीही छोटा असो. हा पाचवा हिस्सा कुठल्या पुस्तकातला नाही. गॅरेजची बिले बघून आम्ही काढलेला आहे.

दिल्लीच्या गाड्यांबद्दलही एक शब्द. तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर आधी हरित लवादाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध आणले, तेव्हापासून तिथल्या महागड्या गाड्या पडेल भावाने महाराष्ट्रात येतात. इथे त्या पुन्हा नोंदवताना पुन्हा कर भरावा लागतो. आपल्याकडे नव्या पेट्रोल गाडीचा एकरकमी कर किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के आहे आणि डिझेलचा त्याहून दोन टक्के जास्त. जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो, पण माफ होत नाही. स्वस्त दिल्लीवाली घेऊन वर्षभर डीएल पाटीवर फिरणारे आपले किती तरी मित्र नाक्यावर दंड भरताना आम्ही पाहिले आहेत. पोलिसाला आडनाव वाचून जास्त वेळ लागतो हेही लक्षात असू द्या, कागद पक्के ठेवा.

एवढे सांगूनही आम्ही त्या पोराच्या बाजूने का आहोत?

बाजारात कुठली गाडी भाव राखते ते पाहा. टोयोटाची फॉर्च्युनर पाच-सहा वर्षांनीही निम्म्याच्या सहज वर विकली जाते. तेवढ्याच वयाची ३ सिरीज, जी वळणावर, ब्रेकमध्ये, वेगात तिच्यापेक्षा कितीतरी सरस आहे, ती निम्म्याच्या खाली पडलेली असते. याचे अर्धे उत्तर यंत्रात आहे. फॉर्च्युनर दणकट आहे, कुठल्याही गावात दुरुस्त होते. बाकीचे अर्धे उत्तर गावात आहे. उंच, पांढरी, काळ्या काचांची, पुढे पक्षाचा झेंडा, मागे पाटलाचे नाव. ती आली की समोरच्याने रस्ता सोडायचा असतो. आपल्या महाराष्ट्रात जी गाडी भाव राखते ती दरारा विकते. सेडान खाली बसते, खड्ड्यात घासते, सरपंचाच्या दारात शोभत नाही. तिचे सगळे मोल चालवण्यात आहे, आणि चालवण्याच्या मोलाला आपल्या बाजारात गिऱ्हाईक कमी. म्हणून ती पडते. गुण आणि भाव यांचा संबंध कसा तुटतो हे आपल्याला नव्याने शिकवायची गरज नाही.

याचा उलटा पुरावाही आहे. स्कोडाने २०१७ साली ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० आणली, २३० अश्वशक्तीची, २५ लाखांच्या आत. मोजक्याच गाड्या होत्या, हातोहात गेल्या. २०२० साली २४५ अश्वशक्तीची आली, फक्त २०० गाड्या, ३५ लाख ९९ हजारांना. या दोन्हींचा भाव इतर सेडानसारखा कोसळला नाही, कारण त्या थोड्या आणि मागणारे जास्त. तेव्हा "सेडान पडतेच" हेही खरे नाही. दुर्मीळ नसलेली आणि रुबाब न विकणारी पडते. आपल्या पोरांनी बघायच्या त्या ह्याच. २०२१ पासून चेन्नईत जुळवली जाणारी बीएमडब्ल्यू एम३४०आय ही सहा सिलिंडरची, साडेचार सेकंदांच्या आत शंभर गाठणारी गाडी ६२ लाख ९० हजारांना सुरू झाली होती. ती आता दुसऱ्या मालकाच्या हाती येऊ लागली आहे. तिचे बी५८ इंजिन बीएमडब्ल्यूच्या चांगल्या इंजिनांपैकी एक मानले जाते. पण अजून ती आपल्या खिशाची नाही. तिला आणखी पडू द्या. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या नव्या गाड्यांवरचा पन्नासाच्या जवळ असलेला कर ४० टक्क्यांवर आला, त्यामुळे नवीन स्वस्त झाल्या आणि जुन्याही खाली सरकल्या. ज्याने आदल्या उन्हाळ्यात घाई केली त्याने ती घसरण स्वतःच्या खिशातून भरली.

चंगळवाद म्हणणाऱ्या ज्येष्ठांना आमचे एक विचारणे आहे. या गाड्या कुठे जुळवल्या जातात? ऑक्टाव्हिया २०२३ पर्यंत छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जुळवली जायची. ऑडीही तिथेच. मर्सिडीज २००९ पासून चाकणला. मिलिंद महाविद्यालय ज्या शहरात उभे राहिले, नामांतरासाठी ज्या मराठवाड्यातली घरे जळाली, तिथलीच आयटीआय झालेली पोरे कंत्राटी कामगार म्हणून त्या शेंद्र्याच्या फाटकातून आत जातात. त्यांनी नट आवळायचे आणि आयुष्यभर सीटवर बसायचे नाही, हा साधेपणा आहे की वर्णधर्म? साधेपणाचा उपदेश ज्याच्याकडे काही आहे त्याला करावा. बाबासाहेब सुटाबुटात राहिले, हजारो ग्रंथांसाठी घर बांधले आणि त्यासाठी कुणाची माफी मागितली नाही. साधेपणाची शोभा पंचेवाल्यांनी मिरवली, ज्यांच्या पंचाचा खर्च दुसरे करत होते.

आम्हाला भीती वेगळ्याच गोष्टीची आहे, आणि ती चाळीसगावात लिहून ठेवलेली आहे. १९२९ साली बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. टांगेवाले अस्पृश्याचा टांगा हाकायला तयार नव्हते. वस्तीतल्या लोकांना आपला पाहुणा पायी जावा हे मान्य नव्हते. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला त्यांच्यातलाच एक जण बसला, ज्याला हाकायची सवय नव्हती. पुलावर टांगा उलटला, घोडा आणि गाडी नदीत, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर. पायाचे हाड मोडले. त्यांनी स्वतः या प्रसंगाबद्दल लिहिताना लोकांचे प्रेम मान्य केले आणि हेही नोंदवले की आपली प्रतिष्ठा राखण्याच्या नादात या माणसांनी आपला जीवच धोक्यात घातला. दोष अर्थातच टांगेवाल्यांच्या जातीयतेचा. पण बाबासाहेबांनी दुसरी बाजू लपवली नाही.

आज १४ एप्रिलच्या मिरवणुकीत गुळगुळीत टायरची, ब्रेक खरखरणारी, हप्ते थकलेली ऑडी निळा झेंडा लावून पुढे असते, तेव्हा आम्हाला तो पूल आठवतो. प्रतिष्ठा हवीच. पण २४५ अश्वशक्ती हाकता येणे आणि तिचे ब्रेक पोसता येणे या प्रतिष्ठेच्या आधीच्या गोष्टी आहेत. पंचवीस-तीस हजार पगारावर पंधरा हजारांचा हप्ता घेतलेला कार्यकर्ता पहिल्या मोठ्या दुरुस्तीला कुठे जातो? बँक देत नाही. मग वॉर्डातला नगरसेवक देतो, बिल्डर देतो, वाळूवाला देतो. तीन लाखांचा गिअरबॉक्स बसतो आणि पुढच्या वेळी झोपडपट्टी उठवायच्या मोर्च्यात हा पोरगा दिसत नाही. असे होताना आम्ही पाहिले आहे, एकदा नव्हे. चळवळीची माणसे अशीच कमी होत गेली. कुणी विचार सोडला म्हणून नव्हे, कुणाच्या तरी गॅरेजचे बिल दुसऱ्याने भरले म्हणून.

आणि जे ज्येष्ठ या पोराला चंगळवादी म्हणतात, त्यांच्यापैकी किती जण नेत्याने "वापरायला" दिलेल्या गाडीतून बैठकीला येतात? ती कुणाच्या नावावर आहे, डिझेल कोण भरतो, हे कुणी विचारत नाही, कारण ती स्कॉर्पिओ आहे आणि स्कॉर्पिओ म्हणजे कामाची गाडी. स्वतःच्या पगारातून, बिल घासाघीस करून, स्वतःच्या नावावर घेतलेली जुनी बीएमडब्ल्यू त्या फुकटच्या स्कॉर्पिओपेक्षा आम्हाला कितीतरी स्वाभिमानी वाटते. जुनेर शोधायचेच असेल तर तिथे शोधा. न मागता मिळालेले, परत मागितले जाईल असे, आणि बदल्यात राबवून घेणारे.

आमच्या मनात एक वेगळी वाट आहे, ती इथे मांडून ठेवतो. पाच जणांनी पाच हप्ते घेण्याऐवजी एकाने हे यंत्र उघडायला शिकावे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचे दर आणि बाहेरच्या जाणकार गॅरेजचे दर यांत सहज दुपटीचा फरक पडतो, म्हणून जुन्या जर्मन गाड्यांचे मालक जाणकार हाताच्या शोधात वणवण करत असतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुटे भाग मिळतात, दोष वाचणारी संगणक प्रणाली विकत मिळते, शिकायला आयटीआय आहे. कमी आहेत ते मेकॅट्रॉनिक उघडून नीट परत बसवणारे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात कामगार खाते सांभाळत होते तेव्हा तांत्रिक शिक्षणाचा आग्रह त्यांनी उगाच धरला नव्हता. ज्या घसाऱ्यात पहिला मालक कर वाचवतो आणि तिसरा मालक बुडतो, त्या घसाऱ्यातून दर महिन्याला कमावणारा एकच असतो, तो गॅरेजवाला. आपल्या वस्तीतल्या दोन-तीन पोरांनी एकत्र येऊन असे गॅरेज टाकले तर पहिले गिऱ्हाईक म्हणून ती ३२८आय उभी आहेच.

त्या पोराने गाडी घेण्याआधी चेनचे पट्टे बदलल्याचे बिल मागून घेतले होते आणि चार महिन्यांचा पगार बाजूला ठेवला होता, हे या वादात कुणी त्याला विचारलेच नाही. अभ्यासिकेची वर्गणी त्याची जानेवारीपर्यंतची भरलेली आहे. आम्ही वही बघितली. ज्यांना अशी गाडी घ्यायची आहे त्यांनी डिसेंबर उलटू द्यावा. वर्ष बदलले की नोंदणीचे वय कागदावर एकाने वाढते आणि दलाल पन्नास-साठ हजारांनी खाली येतो. येताना एक जण गाडी चालवणारा आणि एक जण कागद वाचणारा असे दोघे जा.